परखी

माझ्या बापानं रविवार पेठेत एकतीस वर्षं
पोत्यांच्या पोटात परखी मारली.
पोलादी, पोकळ, वीतभर, टोकाला तिरकी.
पोतं उसवायचं नाही, सुतळी सोडायची नाही,
कुशीत एक झटका, आणि हातात
मूठभर भात, अगदी आतला.
वर चांगला, खाली हलका असा माल
अकरा वेळा पकडला म्हणायचा.
मरेपर्यंत अकराच.

आज मी कुशीवर.
डावा हात डोक्यावर, हिरवी चादर,
चादरीखाली डॉक्टर पट्टणशेट्टींची बोटं
दाबतायत, थांबतायत, परत येतायत.
व्यापारी असेच रुमालाखाली
एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचे,
बघणाऱ्याला काही कळायचं नाही.
मी त्यांच्या तोंडाकडं बघते.
तोंड धंद्याचं आहे.

फॉर्म कानडीत होता. कस्तुरी सिस्टरनं
मराठी करत करत वाचला:
रक्त येईल, सूज येईल,
कधी नमुना पुरत नाही, परत यावं लागतं.
मी मराठीत सही केली.
कुणी काही म्हटलं नाही.

पडद्यावर राख पसरल्यासारखं,
मध्ये काळं, बोराएवढं.
डॉक्टर म्हणाल्या, इकडची कड स्पष्ट आहे,
तिकडची नीट दिसत नाही.
मी म्हटलं, सीमाभागातली आहे, बाई.
त्या हसल्या. मग म्हणाल्या,
तुम्ही हसू नका, सुई चालली आहे.

पहिली सुई बधिर करायची.
मुंगी चावेल म्हणाल्या होत्या. गांधीलमाशी होती.
मग जराशी चीर, ती कळली नाही.
मग ती बंदूक त्यांनी हवेतच वाजवून दाखवली,
हा आवाज येणार, दचकू नका.
पावत्यांना पिन मारावी तसा आवाज.

अलुगाडबेड, कस्तुरीनं खांदा धरला.
हलू नको.
माझी कानडी सगळी बाजारातली:
एष्टु, साकु, नाळे बा.
किती, पुरे, उद्या ये.
आज एक शब्द वाढला.

टक्.
दुखलं नाही. गर्दीत कुणी
कोपरानं सारून पुढं गेल्यासारखं झालं.
सुईच्या खाचेत शेवईचा तुकडा, पांढरट.
बाटलीत सोडला.
असे पाच. पहिला तरंगला.
बाकीचे सावकाश तळाला गेले.
तरंगतं ती नुसती चरबी, कस्तुरी म्हणाली.
आणि बुडतं ते?
ती लेबल चिकटवत होती.

बाप बियाणं पाण्यात टाकून बघायचा.
तरंगलं ते पोचट, फेकायचं.
बुडालं ते भरलेलं, तेच पेरायचं.
हे आत्ता आठवायला नको होतं.

परखी काढली की तो
अंगठ्याच्या नखानं ताग घासायचा, उभा, आडवा.
धागे सरकून भोक मिटायचं,
एक दाणा गळायचा नाही.
कस्तुरी दहा मिनिटं तळहात दाबून बसली,
घड्याळ बघत,
मुलाच्या दहावीच्या गणिताबद्दल बोलत.

बाटलीवर माझं नाव, द्रौपदी रुटकुटे,
कानडी अक्षरांत. मला वाचता आलं नाही,
वय तेवढं ओळखलं, ५२.
रिपोर्ट बुधवारी.

नमुन्याचा भात बाप धोतराच्या सोग्यात घरी आणायचा.
दहा जणांच्या शेतांतला, एका भांड्यात.
शितावरून भाताची परीक्षा, लोक म्हणतात.
आमच्या भांड्यात ती चालायची नाही.
एक शीत कच्चं, शेजारचं गाळ,
आई दोन बोटांत दाबून बघायची
आणि काही न बोलता वाढायची.

कडोलीची बस उभी होती.
डावी बाजू खिडकीकडं येईल अशी जागा धरली.
कंडक्टर म्हणाला, एल्लिगे?
मी गाव सांगितलं.
सुट्टे दिले.